ढोबळेकाकूंची तपासणी

माझ्या नोकरीच्या काळात 'साहेब, तेवढा शेरा काढून टाका' असं म्हणत माझ्या टेबलाशी आलेल्या माणसांची मोजदाद नाही. कोणी हात जोडले, कोणी ओळखी सांगितल्या, एकाने तर रडूनही दाखवलं. पण 'शेरा कमी लिहिलात' म्हणून भांडायला आलेली बाई एकच. ढोबळेकाकू.

भोपाळला एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी स्वच्छता निरीक्षक होतो. बाजारातली हॉटेलं, मिठाईची दुकानं, दूध केंद्रं, होस्टेलच्या खानावळी हे सगळं माझ्याकडे होतं. दर तीन महिन्यांनी जायचं, छापील फॉर्म भरायचा, खाली हिंदीत शेरा लिहायचा आणि एक प्रत मालकाच्या हातात द्यायची. मालक ती गल्ल्याच्या खणात टाकायचा. पुढच्या वेळी मी मागितली की तिथूनच ती बाहेर यायची, तेलाचे डाग पडलेली आणि कोणीही न वाचलेली.

काकूंचं हॉटेल बाजाराच्या टोकाला होतं, सायकलवाल्याच्या आणि शिंप्याच्या मधे. पाटीवर 'वैदर्भी भोजनालय' असं लिहिलेलं होतं, पण ते नाव फक्त टपाल्याला माहीत. बाकी सगळ्यांसाठी ते 'आंटी का होटल', आणि आम्हा मराठी मंडळींसाठी काकूंचं हॉटेल. आठ टेबलं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी थाळी, संध्याकाळी कोथिंबिरीची सांबारवडी. देशभरातून आलेले बिनलग्नाचे ट्रेनी इंजिनियर आणि शिफ्ट सुटून येणारे कामगार हे तिथलं गिऱ्हाईक.

मी नोकरीवर नवा होतो. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा भटारखाना इतका लख्ख होता, की मला पुढच्या पाच दुकानांची घाई झाली. मी 'संतोषजनक' असं लिहिलं, सही ठोकली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या माझ्या टेबलासमोर उभ्या. ठेंगणा बांधा, सावळा रंग, कपाळावर मोठं कुंकू, खोचलेली सुती साडी आणि केसांवर घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. ते फडकं हॉटेलाबाहेरही डोक्यावरून उतरत नसे हे मला पुढे कळलं. त्यांनी माझीच प्रत माझ्यासमोर ठेवली.

"इन्स्पेक्टरभाऊ, हे तुम्ही लिहिलं?"

"हो. काही चुकलं का?"

"संतोषजनक म्हणजे काय जी?"

"म्हणजे... सगळं ठीक आहे."

"गच्चीवरची टाकी पाहिली?"

"नाही."

"मग पाणी ठीक आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

शेजारी बसणाऱ्या श्रीवास्तवजींचं पेन थांबलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कोण कोणाची झडती घेतंय हे कळायला भाषा लागत नाही. माझे कान गरम झाले. मी उठलो, सायकल काढली आणि काकूंच्या मागोमाग गेलो. हॉटेलाच्या मागच्या भिंतीला लोखंडी शिडी होती. काकूंनी खालून ती धरली, मी वर चढलो.

"काय दिसून राहिलं?"

टाकीचं झाकण एका कोपऱ्याला तडकलं होतं. फटीतून एक कबुतराचं पीस आत पडलं होतं आणि पाण्याच्या रेषेवर हिरवट कड धरली होती. मी वरून तसं सांगितलं.  माझी खात्री झाली, आता बाई म्हणणार, जाऊ द्या, मी झाकण बदलून घेते.

"लिहा," काकू म्हणाल्या.

मी लिहिलं. पाण्याची टाकी अस्वच्छ, झाकण तुटलेलं, चार दिवसांत दुरुस्ती करावी. काकूंनी प्रत घेतली, कणकेची खळ केली आणि तो कागद दाराशी, जिथे रोजच्या भाज्यांची पाटी असायची, तिच्या शेजारी चिकटवून टाकला.

ढोबळेकाका तेव्हा कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. ड्यूटी संपली की गल्ल्यावर येऊन बसायचे. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "अगं, लोक आत यायच्या आधीच परत जातील."

"जाऊ द्या. टाकी बदलली की येतील."

"बदलच ना टाकी. पण कागद कशाला लावायचा?"

"त्यांनी पाणी प्यायचं आणि कसं आहे ते फक्त मला माहीत असायचं, हे कसं चालेल?"

चार दिवस तो कागद तिथेच होता आणि चार दिवस काकू घरून पाणी उकळून आणत होत्या. पाचव्या दिवशी मी पुन्हा गेलो, नवी टाकी पाहिली, टाकी ठीक असल्याचं लिहिलं. तो दुसरा कागद पहिल्याच्या खाली लागला. पहिला मात्र निघाला नाही. तेव्हापासून माझा प्रत्येक कागद त्या भिंतीवर गेला, चांगला तसाच वाईट. ट्रेनी पोरं थाळीची वाट पाहता पाहता ते वाचत बसत. त्यांनी त्या भिंतीला नाव ठेवलं होतं, 'आंटी की मार्कशीट'.

तपासणी कशी करावी हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही. ते मी काकूंच्या भटारखान्यात शिकलो. मी फॉर्म भरत असताना त्या मागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि मी निघालो की म्हणायच्या, "पाट्याच्या खाली नाही पाहिलं." किंवा, "पुसायची फडकी कुठे वाळतात ते विचारा ना." मग मी विचारायचो. इतर हॉटेलांत जाऊन तेच प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा बाजारात माझं नाव 'आंटी का जासूस' पडलं. मला त्याचा कधी राग आला नाही.

काकांच्या खात्यातली एक रीत काकूंनी उचलली होती. कारखान्यात जो पार्ट मापात बसत नाही, त्याला लाल टॅग लागतो. एकदा टॅग लागला की तो पार्ट साहेबालाही वापरता येत नाही, आधी त्याचा निकाल लागायला हवा. काकूंनी जुन्या लाल साडीच्या चिंध्या केल्या होत्या. कल्हई उडालेलं पातेलं, वास बदललेलं तिखट, कडा चिरलेली बशी, ज्याबद्दल मनात शंका त्याला चिंधी. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, काकूंनीसुद्धा नाही. एकदा मे महिन्यात मी गेलो तर गल्ल्यावरच्या पंख्याच्या बटणाला चिंधी बांधलेली आणि काका घामाने निथळत बसलेले.

"पंख्याला काय झालं?" मी विचारलं.

"पोह्यांवर धूळ उडवतो म्हणे," काका म्हणाले. "जाळी येईपर्यंत रिजेक्ट."

दुसरी रीत त्यांची स्वतःची. हॉटेलवाला गिऱ्हाइकाला 'जेवण कसं होतं' असं विचारतो. काकू ते कधी विचारत नसत. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक आलं की त्यांचा प्रश्न असायचा, "कल का खाना पच गया?" आणि हा प्रश्न दबक्या आवाजात नाही, तर चुलीपासून थेट पाचव्या टेबलापर्यंत जाईल असा. नवी पोरं लाजून चूर व्हायची. एक वयस्कर बंगाली फोरमन तर चिडून दोन आठवडे आलेच नाहीत. मग एक दिवस आले, बसले, आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पच गया, पच गया, सब पच गया." सगळं हॉटेल हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि पोळी वाढली.

रामसजीवन हा त्यांचा पोळ्या करणारा, रीवाकडचा. एका लगीनसराईत त्याच्या बोटाला गळू झालं आणि त्याने ते चिंधीत लपवलं. काकूंनी दुपारी परातीतल्या कणकेकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि परात उचलून मागच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

"छुपाया क्यों?"

तो खाली पाहत म्हणाला, "पगार कटेगी."

काकू त्याच्यावर ओरडणार असं मला वाटलं. मी तिथेच होतो. पण त्यांनी रिकामी परात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नहीं कटेगी. उँगली ठीक होने तक घर बैठ. लेकिन आगे से पहले बता देना."

आठवडाभर पाटीवर लिहिलेलं होतं, 'आज रोटी नहीं, केवल चावल.' पोळीशिवाय ज्यांचं जेवण होत नाही अशी माणसं तिथे रोज येणारी. युनियनच्या एका पुढाऱ्याने विचारलं, "आंटी, यह कैसी हड़ताल है?"

"रामसजीवन की उँगली की," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकूंच्या हॉटेलात कामाची माणसं आपलं दुखणं आपणहून सांगायला लागली. खोकला झाला, पोट बिघडलं, हात कापला, सकाळी आल्या आल्या सांगायची आणि धुण्या-वाहण्याच्या किंवा बाहेरच्या कामाला लागायची. मी ही गोष्ट बाजारातल्या दुसऱ्या हॉटेलवाल्यांना सांगितली. ते म्हणाले, "ऐसे तो रोज़ कोई न कोई बीमार पड़ेगा." काकूंकडे तसं कधी झालं नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे ढोबळेकाकू टाउनशिपभर ओळखल्या गेल्या.

एप्रिल महिना होता. ट्रेनी पोरांच्या एका तुकडीचं प्रशिक्षण संपलं आणि पोरांनी रविवारी दुपारचं निरोपाचं जेवण काकूंकडे ठरवलं. साठ पानं. पोरांना श्रीखंड-पुरी हवी होती. चक्का आणला कन्हैयालालने. करोंदच्या पलीकडच्या एका खेड्यातून मोटरसायकलला कॅन बांधून तो रोज दूध घालायचा, काकूंकडे आणि टाउनशिपमधल्या पन्नासेक घरी. जेवण झोकात झालं. फोटो निघाले. पोरांनी काकूंना खुर्चीवर बसवून हार घातला.

सोमवारी सकाळी ऑफिसचं कुलूप निघायच्या आधी काकू व्हरांड्यात उभ्या होत्या. पांढरं फडकं होतं, कुंकू नव्हतं. घाईत राहिलं असावं.

"सहा पोरं दवाखान्यात आहेत. रात्रीपासून उलट्या. माझ्याकडचं जेवण आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पोह्याला दोन पोरं आली नाहीत. होस्टेलवर जाऊन पाहिलं, तिथून मी दवाखान्यात गेले. तुम्ही चला आणि हॉटेल सील करा."

"काकू, अजून कोणाची तक्रारसुद्धा आलेली नाही. आधी डॉक्टरांचं..."

"तक्रार मी करून राहिली ना? सील करा म्हणते ना!"

मी लाख, मेणबत्ती आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन गेलो. तिथे काकूंनी फ्रिज उघडला. आत झाकणाच्या सहा छोट्या वाट्या ओळीने ठेवलेल्या. रोज शिजणाऱ्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी त्या दोन दिवस राखून ठेवत आणि वर चिठ्ठी लावत. तसा नियम आमच्याकडे नव्हता. मी पूर्वी एकदा हसून म्हटलंही होतं, 'काकू, हे जरा जास्तच होतं.' त्या दिवशी मी हसलो नाही. श्रीखंड, बटाट्याची भाजी, वरण, मसालेभात, कोशिंबीर, पुरी. मी सगळे नमुने बाटल्यांत भरून सील केले, मग दाराला सील लावलं. लाख मी वितळवली. मेणबत्ती काकूंनी धरली होती, ती हलली नाही.

पाच पोरं दोन दिवसांत बरी होऊन होस्टेलवर गेली. मोहंती नावाचा ओडिशाचा एक मुलगा होता, त्याला मात्र चार दिवस सलाईन लागलं. काकू रोज वॉर्डच्या बाहेर बाकावर बसायच्या. एकदा त्या त्याच्यासाठी भाताची पेज घेऊन गेल्या. सिस्टरने दारातच अडवलं, बाहेरचं अन्न चालणार नाही म्हणाली. मी तिथे होतो. मला वाटलं आता वाद होणार. काकू म्हणाल्या, "आप सही हैं, सिस्टर. मैं होती तो मैं भी नहीं देने देती." आणि डबा तसाच घेऊन परत बाकावर येऊन बसल्या.

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. बाकी सगळं ठीक, दोष श्रीखंडात. माझे वरिष्ठ म्हणजे टाउनशिपचे आरोग्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रकरण मिटवायची घाई होती. त्यांनाही काकूंचे पोहे आवडायचे. ते म्हणाले, "चक्का बाहर से आया था न? दूधवाले का लिख दो. आंटी का होटल खुलवा दो, बात ख़त्म."

लिहिणं सोपं होतं. कन्हैयालालकडच्या चक्क्याचा वेगळा नमुना कोणाकडेच नव्हता, उरलेला चक्का त्याने विकून टाकला होता. त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. 'चक्का पुरवठादाराकडूनच दूषित आल्याची शक्यता' असं मी लिहूनही टाकलं. आता त्या कागदावर काकूंचा जबाब घेतला की काम संपलं. तो कागद घेऊन मी संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. खरं सांगायचं तर एक चांगली बातमी घेऊन चाललोय अशाच चालीने गेलो.

काकूंनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे खोटं आहे."

"काकू, शक्यता म्हटलंय फक्त."

"कन्हैयालाल अकरा वाजता आला. चक्का थंडगार होता, मी स्वतः हात लावून पाहिला. माझ्या फ्रिजमध्ये साठ पानांची कोशिंबीर भरली होती, जागा नव्हती. म्हटलं आत्ता करते, आत्ता करते. पुऱ्यांच्या गडबडीत तो ओट्यावर राहिला. एप्रिलातली दुपार होती, भाऊ. दोन वाजता साखर घातली मी त्यात. तीन तास."

काका शेजारीच बसून ऐकत होते. ते म्हणाले, "तुला ओट्यावर ठेवताना कोणी पाहिलं का?"

"मी पाहिलं ना."

"तसं नाही म्हणत मी. हॉटेल जाईल. दुकानाचा करार रद्द होऊ शकतो. बारा वर्षं खपलीस त्याच्यासाठी. कन्हैयालाल काय, दुसरीकडे दूध घालेल."

"त्याच्या कॅनवर एकदा असं नाव लागलं तर कोण घेईल त्याचं दूध? करोंदपर्यंत बातमी जाईल." काकू त्यांच्याकडे वळल्या. "मला एक सांगा. तुमच्याकडे पार्ट चांगला आला आणि एखाद्याच्या टेबलावर खराब झाला, तर टॅग कोणाच्या नावाने लागतो? पाठवणाऱ्याच्या?"

 काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारलेला माणूस तो. मग ते उठले, आतून पेन घेऊन आले आणि मला म्हणाले, "ती सांगते तसं लिहा. साक्षीदार म्हणून मी सही करतो." सही करताना त्यांचा चेहरा मी पाहिला. हॉटेल जाण्याची भीती त्या चेहऱ्यावर होतीच. पण बायकोबद्दलच्या कौतुकाने तो चेहरा उजळलाही होता, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

मी जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. 'चक्का भटारखान्यात तीन तास उघड्यावर, उन्हाळी तापमानात राहिला. दोष उपाहारगृहाचा.' काकूंनी खाली ठसठशीत अक्षरात सही केली. अधिकाऱ्यांनी तो वाचला तेव्हा ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अपने ख़िलाफ़ लिखवाया?" मी म्हटलं, "जी." त्यांनी एक महिना परवाना थांबवला आणि पुन्हा असं घडलं तर दुकान काढून घेऊ अशी नोटीस दिली. त्याहून कमी त्यांना करता येत नव्हतं, आणि त्याहून जास्त त्यांनी केलं नाही.

त्या महिन्यात काकूंनी भटारखान्याच्या भिंती खरवडून पुन्हा चुना काढला. काकांनी घरचा फ्रिज उचलून हॉटेलात आणून ठेवला, फक्त दुधा-दह्यासाठी. तो उन्हाळा ढोबळ्यांच्या घरी माठावर निघाला.

हॉटेल उघडलं त्या सकाळी मी आठ वाजता गेलो. कामाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला घरी बसवत नव्हतं. श्रीखंडाचा तो कागद भिंतीवर होता. सगळ्यात वर, नजरेसमोर. आठही टेबलं रिकामी. कढईतल्या पोह्यांची वाफ वर जात होती. शिफ्ट सुटलेले कामगार येत, दाराशी थांबून वाचत, एकमेकांकडे पाहत आणि पुढे निघून जात. रामसजीवनला ते बघवेना.

"आंटी, आज के दिन उतार दें?"

"तू चाहे तो घर जा. काग़ज़ नहीं उतरेगा."

नऊच्या सुमारास कन्हैयालाल आला. त्याने मोटरसायकल लावली. त्याच्या कॅनभोवती पोतं गुंडाळलेलं होतं आणि पोत्यात बर्फाचे तुकडे. पूर्वी कधी त्याने असं केलं नव्हतं. त्याने दूध मोजून दिलं, मग दाराशी जाऊन कागदासमोर उभा राहिला. त्याला वाचता येत होतं, अडखळत का होईना. वाचून झाल्यावर तो आत आला, एका टेबलाशी बसला आणि म्हणाला, "आंटी, एक प्लेट पोहा."

त्या दिवशीचं ते पहिलं गिऱ्हाईक. दुपारपर्यंत आणखी दोघं-तिघं आले, तेवढेच. काकू मात्र पूर्ण थाळीचा स्वयंपाक करून उभ्या होत्या.

एक वाजता मोहंती आला, बरोबर होस्टेलची चार पोरं. त्याची नेमणूक इथल्याच कारखान्यात झाली होती. अजून जरा उतरलेलाच दिसत होता. तो दाराशी थांबला आणि त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. काकू चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला झारा थांबला होता. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

मोहंती येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसला. "आंटी, थाली."

काकूंनी स्वतः ताट वाढून नेलं. त्याने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "श्रीखंड नहीं है?"

 काकू म्हणाल्या, "है. दही घर का, चक्का मैंने बाँधा, फ्रिज से अभी निकलेगा. खाओगे?"

मोहंतीने क्षणभर विचार केला. "आधी कटोरी," तो म्हणाला.

सगळी पोरं हसत सुटली. काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसताच आत वळल्या. बाहेर यायला त्यांना थोडा वेळ लागला. मोहंतीने आधी अर्धी वाटी खाल्ली, मग उरलेली अर्धी मागून घेतली. आठवड्याभरात पुन्हा दाराबाहेर रांग लागली. मोहंती तर दुसऱ्याच दिवशी पोरांना घेऊन जेवायला आला, तेव्हा काकूंनी विचारण्याआधीच चारही पोरं एका सुरात ओरडली, "पच गया, आंटी!"

पुढे कायदे बदलले, परवाने नव्या पद्धतीने निघायला लागले. शहरातून नवे अधिकारी यायचे. बाजारातले लोक कुरकुरायचे. एकदा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक निरीक्षक मुलगी माझ्याबरोबर आली आणि काकूंना म्हणाली, "आपका पुराना रेकॉर्ड दिखाइए." काकूंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. ती मुलगी अर्धा तास उभी राहून वाचत होती. परत निघताना तिने मला विचारलं, "सर, वो श्रीखंड वाली रिपोर्ट किसने लिखी थी?" मी म्हटलं, "लिखावट मेरी है. लिखी आंटी ने." हे बोलताना माझा आवाज थोडा चढला होता हे मला कळत होतं. पुष्कळ अहवाल लिहिले मी. दाखवावासा वाटला तो तेवढाच.

काका निवृत्त झाले. काकूंचे गुडघे थकले, टाउनशिपची क्वार्टरं एकेक करून रिकामी होत गेली, तेव्हा त्यांनी दुकान सोडलं आणि अवधपुरीत घर बांधलं. मीही निवृत्त होऊन अयोध्या नगरात आलो. काका गेले तेव्हा भेटायला गेलो होतो. त्यानंतर सणासुदीला फोन, तेवढंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अवधपुरीच्याच रस्त्यावर, एका हिवाळ्यात, पाचच्या उन्हात. बागेसमोर फुल्कीवाल्याची, म्हणजे आपल्या पाणीपुरीवाल्याची, गाडी होती. भोवती शाळेतल्या मुली, आणि त्यांच्यात हातात काठी, अंगावर शाल घेतलेल्या ढोबळेकाकू. मला वाटलं, झालं, या पोराचं आता काही खरं नाही. मी स्कूटर थांबवून हाक मारली.

"काकू! तपासणी का?"

"तपासणी झाली जी," त्या वळून म्हणाल्या. "सहा महिने समोरच्या बाकावर बसून पाहून राहिली मी याला. पाणी घरून उकळून आणतो. दोन हंडे आणतो, संपले की गाडी बंद करून जातो, नळाचं घालत नाही. पैसे एका हाताने घेतो, फुल्की दुसऱ्याने देतो. काल याच्या घरी पण जाऊन आले. याची आई बटाटे उकडते, चांगली स्वच्छ बाई आहे."

"मग आता काय?"

"आता काय म्हणजे? खायची."

फुल्कीवाल्या पोराला यातलं काही कळलं नव्हतं. त्याने पानाचा दोना पुढे केला, "लो अम्मा." काकूंनी काठी बगलेत धरली, अख्खी फुल्की तोंडात घातली आणि डोळे मिटले. तिखटाने नाक लाल झालं. मग डोळे उघडून त्यांनी दोना पुन्हा पुढे केला.

"भैया, अगली थोड़ी और तीखी." आणि माझ्याकडे न पाहताच, "तुम्ही येऊन राहिले का, का नुसते पाहणार?"

उभ्या आयुष्यात मी गाडीवरचं काही खाल्लं नव्हतं. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि शाळेतल्या मुलींच्या मागे, रांगेत उभा राहिलो.